सव्विसावी जागा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

१९९४ सालचा मे महिना. बी.ए. होऊन दोन वर्षं झाली होती, नोकरी लागलेली नव्हती आणि सकाळचा माझा मुक्काम चाचांच्या गॅरेजमध्ये असायचा. तिथं पेपर फुकट वाचायला मिळे. अट एकच, मोठ्यानं वाचायचा. चाचांचे हात ग्रीसनं माखलेले असत आणि अक्षरओळखही बेताचीच. त्या दिवशी पेपरात ब्राझीलच्या आयर्टन सेनाचा मोठा फोटो होता. इटलीतल्या इमोला इथल्या शर्यतीत, रविवारी १ मे रोजी, त्याच्या गाडीला अपघात होऊन तो गेला होता. तीन वेळचा जगज्जेता. सगळी बातमी मी वाचून दाखवली. शेवटी एक ओळ होती. याच ट्रॅकवर आदल्या दिवशी आणखी एका चालकाचा मृत्यू झाला होता, एवढीच.

चाचांनी पाना खाली ठेवला. म्हणाले, "और ये दूसरा कौन था रे?"

"लिखा नहीं है, चाचा."

"गाडी चलाता था, तो नाम भी होगा ना."

त्या माणसाचं नाव रोलँड रॅटझेनबर्गर. मला ते बऱ्याच वर्षांनी कळलं. एकदा कळल्यावर मात्र मी त्याच्या मागे लागलो, आणि त्याच्या मागोमाग अशाच आणखी काही माणसांच्या. मोटार शर्यतींतला मी जाणकार नाही. स्कूटरच्या पलीकडे मी काही चालवलेलं नाही. पण मुशायऱ्यात जो कवी सगळ्यात आधी वाचतो, लोक अजून चपला काढून बसत असतात तेव्हा वाचतो, त्याची आणि या माणसांची जातकुळी एकच असावी असं मला वाटतं. म्हणून हा खटाटोप.

रॅटझेनबर्गर ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचा. जन्म ४ जुलै १९६०. घरात शर्यतींची परंपरा नाही, बापाचा पैसा नाही. रेसिंग शिकवणाऱ्या शाळेत त्यानं मेकॅनिकचं काम केलं आणि गाड्या दुरुस्त करता करता चालवायला शिकला. १९८६ साली इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅचला फॉर्म्युला फोर्ड गाड्यांचा मोठा महोत्सव त्यानं जिंकला. इंग्लंडच्या टीव्हीवर त्या काळी रोलँड रॅट नावाचा उंदराचा बोलका बाहुला फार गाजत होता. आपल्या या रोलँडलाही लोक त्याच नावानं हाक मारू लागले. तोही हसून ते चालवून घेई.

यश मिळालं, पण फॉर्म्युला वनचं दार उघडलं नाही. इथं एक गोष्ट सांगायला हवी. मोटार शर्यत हा असा खेळ आहे की त्यात गुणवत्ता लागतेच, पण गुणवत्तेला बसायला गाडी लागते आणि गाडीला पैसा. मोठे संघ चालकाला पगार देतात. छोट्या संघांत उलटं असतं, तिथं चालकच पैसे घेऊन येतो. स्वतःचे नसतील तर कुणा प्रायोजकाचे. पैसे संपले की जागा दुसऱ्याची. रॅटझेनबर्गर मग जपानला गेला. तिथं गाड्यांचे कारखाने चालकांना नीट पैसे देत. काही वर्षं तो तिथं निरनिराळ्या प्रकारच्या गाड्या चालवत राहिला. १९९३ साली फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्यानं दोन साथीदारांबरोबर टोयोटाची गाडी पाचव्या क्रमांकावर आणली. वय वाढत चाललं होतं. तरुण चालकच सगळ्यांना हवे असतात, म्हणून त्यानं आपल्या वयातली दोन वर्षं कमी करून टाकली होती. आपल्याकडे दहावीच्या दाखल्यावर जन्मतारीख पुढे ढकलतात, त्यातलाच हा प्रकार. मरणानंतर खरं वय बाहेर आलं.

१९९४ साली त्याला हवी ती जागा मिळाली. सिमटेक नावाचा एक नवा, चिमुकला संघ त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरत होता. इंग्लंडमधल्या बॅनबरीचा. निक वर्थ हा तरुण इंजिनीयर त्याचा कर्ता. एका गाडीवर डेव्हिड ब्रॅबहॅम होता, तीन वेळा जगज्जेते झालेल्या जॅक ब्रॅबहॅम यांचा मुलगा. दुसरी गाडी रॅटझेनबर्गरला मिळाली. मोनॅकोत राहणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी त्याच्यासाठी पैसे उभे केले होते. किती शर्यतींचे? पाच. फक्त पाच शर्यती. तेवढ्यात काहीतरी करून दाखवायचं, मग पुढचं पुढे.

आता हा हिशेब नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. त्या वर्षी २८ गाड्या यायच्या आणि शर्यतीत जागा २६. शुक्रवारी आणि शनिवारी प्रत्येकानं वेगवान फेरी मारून वेळ नोंदवायची, सगळ्यात संथ दोघांनी घरी जायचं. सिमटेकची गाडी जड आणि मंद. ब्राझीलच्या पहिल्या शर्यतीत रॅटझेनबर्गर पात्रच ठरला नाही. पाचांतली एक गेली. दुसरी जपानमध्ये आयदा इथं, १७ एप्रिलला. तिथं तो शेवटच्या, सव्विसाव्या जागेवरून निघाला आणि अकरावा आला. विजेत्याच्या पाच फेऱ्या मागे. पण शर्यत पूर्ण केली. फॉर्म्युला वनच्या इतिहासात त्याच्या नावावर ही एवढीच एक शर्यत आहे.

तिसरी इमोलाची.

शनिवार, ३० एप्रिल. आदल्या दिवशी ब्राझीलच्या रुबेन्स बारिचेलोची गाडी उडून कठड्यावर आदळली होती, पण तो वाचला. रॅटझेनबर्गर पात्रता फेरीत सव्विसाव्या जागेसाठीच झगडत होता. एका फेरीत एका वळणावर त्याची गाडी ट्रॅकच्या बाहेर गेली आणि कडेच्या उंचवट्यावरून आदळत परत आली. पुढच्या पंख्याला धक्का बसला. पंखा म्हणजे घरातला पंखा नव्हे. या गाड्यांच्या नाकाशी आडवी पट्टी असते, विमानाच्या पंखासारखी, पण उलटी बसवलेली. विमानाचा पंख हवेच्या जोरानं विमान उचलतो, हा हवेच्याच जोरानं गाडी जमिनीवर दाबून धरतो. जितका वेग जास्त, तितका दाब जास्त. हा दाब आहे तोवर पुढची चाकं रस्ता पकडतात. तो गेला, तर स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. बर्फावर पाय ठेवल्यासारखं.

अशा वेळी पिटमध्ये यावं, मेकॅनिकला पाहू द्यावं. मेकॅनिकचं काम केलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण आत यायचं म्हणजे वेळ जाणार, टायर थंड होणार. तो आत आला नाही. आणखी एक फेरी घ्यायची ठरवली. सरळ रस्त्यावर ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेग आला, हवेचा दाब त्या दुखावलेल्या पंख्यावर पडला आणि तो तुटून गाडीखाली गेला. पुढं व्हिलनव्ह नावाचं वळण. गाडी वळलीच नाही. भिंतीवर आदळली. बोलोन्याच्या रुग्णालयात त्याला मृत घोषित केलं. वय ३३. कारण होतं कवटीच्या तळाचा भंग. हा शब्द लक्षात ठेवा, मी शेवटी त्याच्याकडे येणार आहे.

फॉर्म्युला वनच्या शर्यतीच्या दिवसांत मृत्यू झाल्याला तेव्हा बारा वर्षं होत आली होती. १९८२ साली कॅनडात रिकार्डो पालेत्ती हा इटलीचा तरुण सुरुवातीच्या रांगेतच दुसऱ्या गाडीवर आदळून गेला होता. बारा वर्षांत लोकांना वाटू लागलं होतं की आता या गाड्यांत कुणी मरत नाही. सेनाला मात्र राहवलं नाही. अधिकाऱ्यांच्या मोटारीत बसून तो अपघाताच्या जागी गेला. त्याबद्दल त्याला बोलणीही खावी लागली. शर्यतींचे डॉक्टर सिड वॉटकिन्स त्याचे मित्र. शर्यत सोडून दे, आपण मासे पकडायला जाऊ, असं त्यांनी त्याला सुचवलं होतं. रविवारी सकाळी सेना इतर चालकांशी सुरक्षिततेसाठी चालकांची संघटना पुन्हा उभी करण्याबद्दल बोलला. दुपारी तो गेला. त्याच्या गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा घडी करून ठेवलेला मिळाला. शर्यत झाल्यावर तो फडकवायचा होता.

रॅटझेनबर्गरची शनिवारची वेळ सव्विसाव्या जागेला पुरेशी होती. शर्यत पंचवीस गाड्यांची झाली.

सेनाची अंत्ययात्रा साओ पावलोला ५ मे रोजी निघाली. लाखो लोक रस्त्यावर आले होते, तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता. ७ मे रोजी साल्झबर्गला रॅटझेनबर्गरचं दफन झालं. मोटार खेळाच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली सेनाच्या अंत्यविधीला गेले नाहीत, साल्झबर्गला गेले. सगळे सेनाकडे जाणार, म्हणून आपण इकडे यावं, अशा अर्थाचं त्यांनी नंतर सांगितलं. सिमटेकची कंपनी सुरू झाली तेव्हा निक वर्थबरोबर मोस्लीही भागीदार होते, अध्यक्ष होताना त्यांनी आपला हिस्सा सोडला होता. तेव्हा थोडी आपुलकी असेलही. या मोस्लींच्या नावावर बऱ्या-वाईट अनेक गोष्टी आहेत, पण ही एक मला त्यांच्या खात्यावर जमा करावीशी वाटते.

पुढची शर्यत मोनॅकोला होती. तिथं पहिली रांग मोकळी ठेवली. एका जागेवर ब्राझीलचा झेंडा रंगवला होता, दुसऱ्या जागेवर ऑस्ट्रियाचा.

आणि सिमटेक? रविवारी गाडी चालवायची की नाही हा निर्णय संघानं ब्रॅबहॅमवर सोडला होता. त्यानं चालवली, बरोबरच्या माणसांना धीर यावा म्हणून. वर्षभर त्या गाडीवर, चालकाच्या डोक्यामागच्या भागावर, 'रोलँडसाठी' अशी अक्षरं होती. स्पेनमध्ये दुसऱ्या गाडीवर आलेल्या आंद्रेआ मोंतेरमिनीलाही सरावात अपघात होऊन त्याचा पाय मोडला. पुढच्या वर्षी संघात योस व्हर्स्टापेन आला, पुढे चार वेळा जगज्जेता झालेल्या मॅक्सचा बाप. अर्जेंटिनात त्यानं ती गाडी काही वेळ सहाव्या क्रमांकापर्यंत नेली आणि मग ती बिघडली. मोनॅकोच्या शर्यतीनंतर पैसे संपले. १९९५च्या उन्हाळ्यात संघ दिवाळखोरीत निघाला. एकही गुण न मिळवता.

असे संघ पुष्कळ होऊन गेले. १९९० साली लाइफ नावाचा इटालियन संघ स्वतःचं वेगळंच बारा सिलिंडरचं इंजिन घेऊन आला आणि वर्षभरात एकदाही शर्यतीपर्यंत पोचला नाही. १९९२ साली आंद्रेआ मोदा या संघाचा मालक बुटांचा कारखानदार होता. त्याला बेल्जियमच्या ट्रॅकवरच पोलिसांनी ताब्यात घेतलं. १९९७ साली लोला ही नावाजलेली कंपनी एका क्रेडिट कार्डवाल्यांच्या पैशावर घाईघाईनं उतरली आणि एकाच शर्यतीच्या पात्रता फेरीत नापास होऊन परत गेली. हसू येतं वाचताना. पण अशा गाडीत कुणीतरी बसलेलं असतं, हे लक्षात आलं की हसू थांबतं. आपला करुण चंधोक २०१० साली एचआरटी या स्पॅनिश संघात गेला. बहारीनला पहिल्या शर्यतीच्या आधी गाडीची जुळणी ट्रॅकवरच चालली होती. त्यानं ती गाडी पहिल्यांदा चालवली ती थेट पात्रता फेरीत! त्याच संघात पुढे नारायण कार्तिकेयन होता. ३० ऑक्टोबर २०११ रोजी नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली शर्यत झाली, तिथं तो सतरावा आला. २०१२ संपताना संघ बंद पडला, २०१३ नंतर भारतातली शर्यतही.

या सगळ्या शोधात मला एक चित्रफीत सापडली. ती मी एकदा पाहिली. दुसऱ्यांदा पाहिली नाही.

२९ जुलै १९७३, हॉलंडमधलं झांडफूर्ट. रॉजर विल्यमसन हा २५ वर्षांचा इंग्लिश तरुण. फॉर्म्युला वनमधली त्याची ही दुसरीच शर्यत. आठव्या फेरीत त्याची गाडी कठड्यावर आदळली, उलटी झाली, फरफटत गेली आणि पेटली. बहुधा टायर गेला होता. विल्यमसनला फारसं लागलेलं नव्हतं, पण उलट्या गाडीखाली तो अडकला होता. मागून येणाऱ्या डेव्हिड पर्लीनं आपली गाडी थांबवली. चालू शर्यतीत ट्रॅक ओलांडून तो धावत गेला आणि एकट्यानं ती जळती गाडी उलटवायला लागला. ट्रॅकवरचे स्वयंसेवक जवळ होते, पण त्यांच्या अंगावर साधे कपडे होते, आगीत जाता येईल असे नव्हते. आग विझवायचं एकच नळकांडं होतं, ते पर्लीनं घेऊन रिकामं केलं. पुन्हा गाडीला खांदा लावला. गाडी हलली नाही. बाजूनं इतर गाड्या फेरीमागून फेरी जात होत्या. त्या चालकांना वाटत होतं, हेल्मेट घातलेला जो माणूस बाहेर उभा आहे तोच जळणाऱ्या गाडीतून निघालेला आहे, म्हणजे आत कुणी नाही. अग्निशामक गाडी ट्रॅकवर होती, पण शर्यत थांबवल्याशिवाय तिला उलट्या दिशेनं येता येईना. शर्यत थांबवली नाही. पर्ली शेवटी हात खाली सोडून चालत बाजूला होतो. ते चालणं मला विसरता आलेलं नाही.

शर्यत जॅकी स्टुअर्टनं जिंकली. त्याचा तो सव्विसावा विजय, तोवरचा विक्रम. नोंदवहीत त्या दिवसाची ओळख हीच.

पर्लीला जॉर्ज पदक मिळालं. त्याच्या घरचा रेफ्रिजरेटरचा कारखाना होता, त्याच नावाचा छोटा संघ त्यानं पुढे काढला. १९७७ साली सिल्व्हरस्टोनला गाडीचा थ्रॉटल अडकला आणि ताशी १७३ किलोमीटरच्या वेगात तो भिंतीवर गेला. दोन फुटांहून थोड्याच जास्त अंतरात गाडी शून्यावर आली. हाडं किती मोडली याची मोजदाद नको. तो जगला. १९८५ साली कसरतीचं विमान उडवताना समुद्रात पडून गेला. विल्यमसनचा पुतळा इंग्लंडमध्ये डॉनिंग्टनच्या ट्रॅकवर आहे. त्या ट्रॅकचे मालक टॉम व्हीटक्रॉफ्ट यांनीच त्याच्या शर्यतींचा खर्च उचललेला होता.

मोठ्या दुर्घटनेची गोष्ट निघाली की १९५५चं ल मां येतंच. ११ जून, ऐंशीहून जास्त माणसं गेली, बहुतेक सगळे प्रेक्षक. मर्सिडीजची गाडी पुढच्या गाडीवर चढून उडाली आणि मातीच्या बांधावर फुटून तिचे तुकडे गर्दीत घुसले. मॅग्नेशियम मिसळलेला पत्रा होता, पाणी मारलं की तो आणखी भडके. चालक होता पिएर लव्हेग. त्याचं खरं नाव बुइलँ. शर्यतींच्या जुन्या काळातले चालक असलेल्या मामा-काकांपैकी एकाच्या आडनावाची अक्षरं फिरवून त्यानं हे नाव घेतलं होतं. टोपणनाव घेणारा माणूस, म्हणून मला तो जवळचा वाटतो. तो लोकांना ठाऊक आहे तो अपघातामुळे. पण त्याची खरी गोष्ट तीन वर्षं आधीची आहे. १९५२ साली याच ल मांला दुसरा चालक तयार बसलेला असताना त्यानं गाडी कुणाच्या हाती दिली नाही. जवळजवळ तेवीस तास एकट्यानं चालवली. पुढे होता, बराच पुढे. शेवटचा तासभर उरला असताना इंजिन मोडलं. जिंकली कोण? मर्सिडीज. त्याच मर्सिडीजनं १९५५ साली त्याला, एकोणपन्नासाव्या वर्षी, आपली गाडी दिली. अपघाताच्या क्षणी त्यानं हात वर करून मागून येणाऱ्याला इशारा केला, असं मागच्या गाडीतला हुआन फान्जिओ सांगत असे. फान्जिओ वाचला. शर्यत तेव्हाही थांबवली नाही. थांबवली तर लाखो माणसं रस्त्यावर येऊन रुग्णवाहिका अडतील, असं आयोजकांचं म्हणणं. ते अगदीच खोटं होतं असं मला म्हणवत नाही. मध्यरात्रीनंतर मर्सिडीजनं उरलेल्या गाड्या मागे घेतल्या. स्वित्झर्लंडनं तर ट्रॅकवरच्या शर्यतींवर बंदीच घातली, ती कित्येक दशकं राहिली.

चालकांची नावं निदान शोधली तर सापडतात. त्यांच्यासाठी झेंडे हलवणाऱ्यांची? ५ मार्च १९७७ रोजी दक्षिण आफ्रिकेत कायलामीला एका बंद पडलेल्या गाडीतून धूर येत होता. फ्रेडरिक यान्सन फान व्हुरेन हा १९ वर्षांचा पोरगा आग विझवायचं जड नळकांडं घेऊन ट्रॅक ओलांडायला धावला. चढावामागून टॉम प्राइसची गाडी आली. दोघंही जागीच गेले, प्राइस त्याच नळकांड्यामुळे. प्राइसचं नाव वेल्समध्ये अजून घेतात.

आता तो कवटीच्या तळाचा भंग. गाडी भिंतीवर आदळते तेव्हा चालकाचं धड पट्ट्यांनी सीटला बांधलेलं असतं, ते जागेवर थांबतं. डोकं बांधलेलं नसतं. त्यात हेल्मेटचं वजन. ते पुढं फेकलं जातं आणि मान जिथं कवटीला जोडलेली असते तिथं सगळा ताण येतो. अंगावर ओरखडाही नसतो कधी कधी. यावर उपाय म्हणून आज प्रत्येक चालकाच्या खांद्यावर एक जूसारखी चौकट असते, तिला हान्स म्हणतात. ती पट्ट्यांखाली दाबून बसते आणि हेल्मेटला दोन्ही बाजूंनी दोऱ्यांनी बांधलेली असते. धड थांबलं की डोकंही थांबतं. फॉर्म्युला वनमध्ये ती २००३ सालापासून सक्तीची झाली.

पण ती शोधली गेली होती त्याच्या खूप आधी, १९८०च्या दशकातच. अमेरिकेत मिशिगनच्या विद्यापीठात रॉबर्ट हबर्ड नावाचे प्राध्यापक होते आणि त्यांचे मेहुणे जिम डाउनिंग शर्यती चालवत. दोघांनी मिळून ती केली. रॅटझेनबर्गर गेला तेव्हा ती बाजारात होती, फक्त आकारानं इतकी मोठी होती की फॉर्म्युला वनच्या अरुंद गाडीत मावत नसे. त्या दोन दिवसांनंतर मर्सिडीजच्या माणसांनी हबर्डबरोबर बसून ती लहान केली.

डाउनिंगना हे सुचलं कशावरून? त्यांचा एक मित्र १९८१ साली ओहायोतल्या ट्रॅकवर एकटाच गाडीची चाचणी घेत होता. शर्यत नव्हती, प्रेक्षक नव्हते. गाडी मातीच्या ढिगाऱ्यावर आदळली आणि याच दुखापतीनं तो गेला. तो फ्रेंच होता, रेनॉच्या गाड्या चालवायचा. पॅट्रिक जॅकमार त्याचं नाव.